वसंत आठवड्याच्या चालीने येतो

दिवस पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून येतो, महिना चंद्राकडून, वर्ष सूर्याकडून. आठवड्यामागे आकाशात असं काहीच नाही. सात दिवसांचं हे चक्र माणसांनी आपसात ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, म्हणून ते टिकलं. पाळणं थांबलं तर सूर्य-चंद्र आपल्या जागी राहतील, आठवडा मात्र राहणार नाही, आणि त्याच्या शेवटी येणारी सुट्टीही राहणार नाही. दर वसंतात मला ही गोष्ट नव्याने जाणवते. याच दिवसांत आपण शनिवार-रविवारची सर्वांत आतुरतेने वाट पाहतो आणि याच दिवसांत तो सर्वांत गच्च भरून टाकतो. हवा छान आहे, मग कुठेतरी गेलंच पाहिजे. उजेड वाढलाय, मग राहिलेली कामं उरकलीच पाहिजेत. सोमवारी विचारलं जातं, "काय केलंत सुट्टीत?" आणि "काही नाही, घरीच होतो" हे उत्तर लोक थोडं ओशाळून देतात.

ते ओशाळणं मला खटकतं. साधा, दर आठवड्याला तसाच असणारा, फारसं काही न घडणारा शनिवार-रविवार हा आळसाचा किंवा कल्पनाशक्तीच्या अभावाचा पुरावा नाही. माणसाला स्वतःचा विचार ऐकू यावा यासाठी जी थोडी जागा लागते, ती त्यात असते. ही जागा ज्याची त्याने आपापल्या परीने शोधावी, असं म्हणून भागत नाही. ती सगळ्यांनी मिळून राखावी लागते. कायद्यानेही, कामाच्या जागीही आणि घरातही.

वसंतापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचा वेग आठवड्याशी जुळतो. झाडाकडे रोज पाहणाऱ्याला काही बदललंय असं वाटत नाही, आणि महिन्याने पाहणाऱ्याला पालवी जुनी झालेली दिसते. सात दिवसांचं अंतर बरोबर बसतं. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे उत्तर गोलार्धात 20 मार्चच्या सुमारास आणि दक्षिण गोलार्धात 22-23 सप्टेंबरच्या सुमारास, दिवस वर्षातल्या इतर कुठल्याही काळापेक्षा झपाट्याने मोठा होत असतो. विषुववृत्ताजवळ हा फरक जेमतेम कळतो, पण 50 अंश अक्षांशावर तो रोज पावणेचार मिनिटांच्या आसपास असतो. एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत दिवस जवळजवळ अर्ध्या तासाने वाढलेला असतो.

हा वाढणारा उजेड सजीवांच्या शरीरात खोलवर पोहोचतो. विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने 1920च्या दशकात कॅनडातल्या एडमंटनमध्ये जंको नावाचे छोटे पक्षी ऐन हिवाळ्यात बाहेरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर कडाक्याची थंडी होती. तरीही त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंतात होतात ते प्रजननाचे बदल सुरू झाले. हवेतल्या उबेची वाट न पाहता ते पक्षी दिवसाची लांबी मोजत होते. झाडांचंही काहीसं तसंच. समशीतोष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांच्या कळ्यांना आधी पुरेशी थंडी सोसावी लागते, मगच त्या उबेला दाद देतात. वसंत एका सकाळी अवतरत नाही, तो आधीच्या कितीतरी आठवड्यांच्या हिशोबातून येतो. तो दिसायचा असेल तर बघणाऱ्यालाही तेवढ्याच सातत्याने त्याच जागी असावं लागतं.

माझ्या खिडकीतून एक झाड दिसतं. रविवारी सकाळी घरातल्या चादरी बदलायच्या, त्या वाळत घालायच्या, हे माझं ठरलेलं काम. ते काम खिडकीशी होतं म्हणूनच मला त्या झाडाचा वसंत माहीत आहे. एखाद्या रविवारी फांद्यांची टोकं नुसती फुगीर दिसतात, पुढच्या रविवारी त्यांवर तांबूस झाक येते, त्याच्या पुढच्या रविवारी पानं उलगडलेली असतात, पण अजून इतकी पातळ की ऊन त्यांतून आरपार जातं. मी झाड बघायला म्हणून कधी उभा राहिलेलो नाही. उभं राहण्याचं कारण चादरी होत्या. बदल दिसायला काहीतरी न बदलणारं लागतं, आणि ते काम आपलं नेहमीचं, कंटाळवाणं म्हणून हिणवलेलं वेळापत्रक करतं.

या गोष्टीचा सर्वांत सुंदर दाखला रॉबर्ट मार्शम या इंग्लिश गृहस्थाचा आहे. नॉरफोकमधल्या आपल्या जमिनीवर राहून त्यांनी 1736 पासून एक साधी नोंदवही ठेवली. पहिलं हिमफूल कधी उमललं, ओकला पान कधी फुटलं, बेडूक कधी ओरडू लागले, पहिलं फुलपाखरू कधी दिसलं, नाइटिंगेल कधी गाऊ लागला. वसंताच्या अशा 27 खुणा ते दरवर्षी टिपत राहिले. 1789 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या नोंदी छापल्या. 1797 मध्ये मार्शम गेले, पण त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ते काम 1958 पर्यंत चालू ठेवलं. दोनशेहून अधिक वर्षं एकाच परिसरात, एकाच घराण्याने त्याच त्या गोष्टी पाहिल्या. ते करताना यातून काय साध्य होणार, हे त्यांतल्या कुणालाही ठाऊक असणं शक्य नव्हतं. आज उष्ण वर्षांत झाडांना पान किती लवकर फुटतं, हे तपासणाऱ्या हवामान अभ्यासकांसाठी त्या नोंदी मोलाच्या ठरल्या आहेत. जपानमध्ये क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर 9व्या शतकापासूनच्या दरबारी आणि मठांतल्या रोजनिश्यांतून गोळा करता आल्या. त्यामुळेच आपण आज सांगू शकतो की 2021 मध्ये 26 मार्चला आलेला तिथला पूर्ण बहर तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत सर्वांत लवकरचा होता.

प्रत्येकाने नोंदवही घेऊन बसावं असं माझं म्हणणं नाही. उलट, मार्शम यांच्यातलं मला भावतं ते हे की त्यांनी पाहण्याला लगेच फळ मागितलं नाही. आज आपण सुट्टीकडेही फळ मागतो. सुट्टीतून ताजंतवानं होऊन यायचं, म्हणजे सोमवारी कामाचा वेग वाढला पाहिजे. छंद जोपासायचा, म्हणजे त्यातून पुढे काहीतरी उभं राहिलं पाहिजे. ध्यान करायचं तर त्याचे सलग किती दिवस झाले ते मोबाईल मोजतो. शांतपणासुद्धा आता उत्पादकतेचा एक हप्ता बनू लागला आहे, आणि त्यामुळे तो हातात आल्या आल्या संपतो.

शांत बसणं मुळात सोपं नाही, हे मान्य केलं पाहिजे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना रिकाम्या खोलीत 6 ते 15 मिनिटं नुसतं विचार करत बसायला सांगितलं, तर बहुतेकांना ते आवडलं नाही. एका प्रयोगात खोलीत एक बटण होतं. ते दाबलं की विजेचा सौम्य पण त्रासदायक झटका बसे. तो टाळायला आपण पैसेही देऊ, असं आधी सांगणाऱ्या माणसांपैकी 18 पुरुषांतल्या 12 जणांनी आणि 24 स्त्रियांतल्या 6 जणींनी त्या पंधरा मिनिटांत तो झटका स्वतःच्या हाताने घेऊन पाहिला. या निष्कर्षावरून माणसाला एकांत सोसतच नाही असं अनेकांनी ठरवून टाकलं. मला त्यातून वेगळं दिसतं. कोऱ्या भिंती, रिकामे हात आणि "आता विचार कर" असा हुकूम, या तिन्ही गोष्टी चिंतनाच्या शत्रू आहेत. माणसं विचारात बुडालेली दिसतात ती झाडांना पाणी घालताना, कपड्यांच्या घड्या करताना, ओळखीच्या रस्त्याने चालताना, कपाटातला एक खण आवरताना. हातांना सवयीचं काम असतं, डोळ्यांना थोडं हलतं काहीतरी असतं, आणि मन मोकळं सुटतं. म्हणूनच शांतपणाची शिबिरं भरवण्यापेक्षा साध्या कामांना वेळ ठेवणं अधिक उपयोगाचं, असं मी म्हणतो.

मेंदूच्या अभ्यासाने या "काहीच न करण्याला" गेल्या पाव शतकात बरीच प्रतिष्ठा दिली आहे. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडलं की बाहेरचं काही काम करत नसतानाही मेंदूतला एक ठराविक भागसमूह सतत सक्रिय असतो. आठवणी, स्वतःविषयीचे विचार, पुढच्या दिवसांची कल्पना, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज, अशा गोष्टींशी तो जोडलेला आढळतो. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला सुमारे 20 टक्के वाटा त्याचा. एखाद्या अवघड कामात लक्ष घातल्याने त्यात पडणारी भर मात्र 5 टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे बाहेरून रिकामा दिसणारा माणूस आतून मुळीच रिकामा नसतो. गेल्या आठवड्यात आपण कुणाशी कसं वागलो, पुढे काय करायचं आहे, काय सोडून द्यायचं आहे, याची जुळवाजुळव अशाच वेळी होते. हा वेळ जो कुणी आपल्याकडून काढून घेतो, तो आपलं स्वतःशी असलेलं बोलणंच तोडतो.

इंग्लंडमधल्या जवळजवळ 20,000 लोकांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास 2019 मध्ये आला. आठवड्यातून किमान 120 मिनिटं बागेत, रानात, समुद्रकाठी अशा निसर्गाच्या सहवासात घालवणाऱ्यांनी आपलं आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं सांगण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ती 120 मिनिटं एकदम घालवली की तुकड्यांत, याने फरक पडत नव्हता. मुळात निरोगी असलेली माणसंच अधिक बाहेर पडत असतील, ही शंका अशा अभ्यासाबाबत राहतेच. पण दोन तास ही किती छोटी मागणी आहे! त्यासाठी दूरचा प्रवास लागत नाही, चालत जाता येईल अशी एक सार्वजनिक बाग लागते आणि तिच्यात जायला हातात वेळ लागतो. पहिली गोष्ट नगररचनेची आहे, दुसरी श्रमाच्या कायद्याची. दोन्ही राज्यकारभाराचे प्रश्न आहेत.

आणि म्हणून इतिहासाकडे वळावं लागतं, कारण साप्ताहिक सुट्टी कधीच कुणाला आपोआप मिळाली नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 7 मार्च 321 रोजी फर्मान काढलं की सूर्याच्या वारी न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावं. शेतकऱ्यांना मात्र त्यातून सूट होती, कारण पेरणीचा नेमका दिवस हातचा जाऊ नये. ऋतूचं भान असलेला हा अपवाद मला आजच्या अनेक नियमांपेक्षा शहाणा वाटतो. यंत्रयुगात ही सुट्टी पुन्हा लढून मिळवावी लागली. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून अर्ज, सभा, वृत्तपत्र या सगळ्या मार्गांनी ही मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. अशा लढ्यांनंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1921 मध्ये उद्योगांसाठी दर सात दिवसांत सलग 24 तासांच्या विश्रांतीचा करार केला. 1948च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 24वं कलम विश्रांती आणि फुरसत यांना हक्काचा दर्जा देतं. वेतनाइतकाच, मताइतकाच तो हक्क आहे.

त्या 1921च्या करारातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. ही विश्रांती शक्य तिथे आस्थापनेतल्या सर्व कामगारांना एकाच वेळी द्यावी आणि ती त्या देशाच्या किंवा प्रदेशाच्या रूढ दिवशी यावी, असं त्यात म्हटलं आहे. करार लिहिणाऱ्यांना कळलं होतं की सुट्टी म्हणजे नुसते कामाबाहेरचे तास नव्हेत. ती इतरांबरोबर असली तरच तिचं पूर्ण मोल.

हे न कळल्याने काय होतं, त्याचे दोन मोठे प्रयोग झालेले आहेत. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर 1793 मध्ये नवं पंचांग आलं. त्यात वसंताच्या महिन्यांना फार सुरेख नावं दिली होती: अंकुरांचा महिना जर्मिनाल, फुलांचा महिना फ्लोरेआल, कुरणांचा महिना प्रेरिआल. पण त्याच पंचांगाने आठवडा मोडून दहा दिवसांचा केला आणि दहावा दिवस विश्रांतीचा ठरवला. वसंताच्या नव्वद दिवसांत आधी बारा-तेरा रविवार येत, आता नऊच सुट्ट्या उरल्या. महिन्यांची नावं फुलांवरून ठेवली, पण ती फुलं पाहायचे दिवस काढून घेतले. ते पंचांग रुजलं नाही. नेपोलियनने ते 1806च्या सुरुवातीपासून रद्द केलं.

सोव्हिएत संघाने 1929 मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. यंत्रं एकही दिवस थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट केले, प्रत्येकाला एक रंग दिला, आणि पाच दिवसांतला एकेक दिवस एकेका रंगाची सुट्टी ठरली. हिशोबाने पाहिलं तर सुट्ट्या वाढल्या होत्या, सात दिवसांत एक होती ती पाच दिवसांत एक झाली. पण नवऱ्याचा रंग एक आणि बायकोचा दुसरा, मित्राचा तिसराच. घरात एकजण सुट्टीवर असे तेव्हा बाकीचे कामावर असत. लोकांची तक्रार हीच होती की कुणीच सोबत नसेल तर ही कसली सुट्टी. दोन वर्षांत ती पद्धत मागे घेऊन सर्वांना समान सुट्टी असलेला सहा दिवसांचा आठवडा आला, आणि 1940च्या जूनमध्ये सात दिवसांचा आठवडा परत आणावा लागला.

अमेरिकेत क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम या समाजशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये लाखो लोकांच्या पाहणीतून जे दाखवलं ते याला जोडूनच वाचावं. नोकरी करणाऱ्यांचं मन शनिवार-रविवारी हलकं होतं, यात नवल नाही. पण बेरोजगारांचंही मन त्याच दोन दिवशी, जवळजवळ तितकंच, हलकं होतं. त्यांना तर सोमवार ते शुक्रवारही कामावर जायचं नव्हतं. फरक एवढाच की शनिवार-रविवारी त्यांची माणसं मोकळी होती. एकट्याला मंगळवारी मिळालेली सुट्टी आणि सगळ्यांना मिळालेला रविवार यांचे तास सारखे असले तरी त्यांची किंमत सारखी नाही. शांतपणालाही हे लागू आहे. एकटं बसायचं असलं तरी रस्त्यावरची वर्दळ कमी असणं, फोन न वाजणं, शेजारच्या घरातही घाई नसणं याची सोबत लागते. सगळं गाव धावत असताना एकट्याने थांबणं फार थोड्यांना जमतं.

"लवचीक वेळा" हा आजच्या कामाच्या जगातला लाडका शब्द आहे, त्याच्याविषयी मला याच कारणाने काळजी वाटते. लहान मुलांच्या आईवडिलांना, आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना वेळा बदलून मिळाव्यात, यात वाद नाही. पण "तुम्हाला हवं तेव्हा काम करा" याचा अर्थ व्यवहारात "केव्हाही काम करा" असा होतो, आणि मग शनिवारी दुपारी आलेल्या संदेशाला उत्तर न देणारा माणूस निष्काळजी ठरतो. संदेश वाचायला अर्धं मिनिट लागतं, हे खरं आहे. पण त्यानंतर तो डोक्यात घोळत राहतो आणि उरलेली दुपार त्याची होते. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या संपर्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने 2021 मध्ये याहून स्पष्ट नियम केला: विश्रांतीच्या वेळेत, आणीबाणी सोडून, मालकानेच संपर्क करू नये. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून कर्मचाऱ्याला असा अवाजवी संपर्क नाकारण्याचा हक्क आहे. मला पोर्तुगालची रीत जास्त न्याय्य वाटते. नकार देण्याचा भार दुबळ्या बाजूवर टाकण्यापेक्षा, न विचारण्याची जबाबदारी बलवान बाजूवर टाकणं योग्य.

वसंताच्या सुट्टीवर घाला घालणारी आणखी एक गोष्ट अनेक देशांत चक्क सरकारी आहे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे केली जातात. तो शनिवार-रविवार 47 तासांचा असतो. संध्याकाळचा उजेड वाढावा हा हेतू, पण किंमत झोपेने चुकवायची. स्वीडनमधल्या अनेक वर्षांच्या नोंदींवर आधारित 2008च्या एका अभ्यासात या बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण सुमारे 5 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. युरोपीय संसदेने मार्च 2019 मध्ये ही घड्याळबदलाची पद्धत बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, पण सदस्य देशांमध्ये एकमत झालं नाही. पक्षी आणि झाडं वाढत्या उजेडाशी रोज थोडं थोडं जुळवून घेत असताना माणसांनी मात्र एका रात्रीत तास चोरावा, याची खरंच गरज उरली आहे का?

पण सगळा दोष सरकार आणि मालकांवर टाकता येणार नाही. हेन्री फोर्डने 1926 मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा सुरू केला तेव्हा एक कारण त्याने उघडपणे मांडलं होतं: कामगारांना फुरसत मिळाली तर ते जास्त वस्तू विकत घेतील. सुट्टीचा दुसरा दिवस आपल्याकडे अशा अपेक्षेसकट आला, आणि ती आपण मनापासून पुरी केली. आज वसंतातला शनिवार हा खरेदीचा, सहलीचा, फोटोंचा दिवस आहे. सहलीला माझा विरोध नाही. वर्षाकाठी एखाद्या नव्या जागी जाऊन मन भरून यावं, जरूर यावं. पण दर सुट्टीला नवी जागा पाहणाऱ्याला कुठल्याच जागेचा वसंत दिसत नाही, त्याला प्रत्येक जागेचा एकच दिवस दिसतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे: हे सगळं पोट भरलेल्यांचं बोलणं आहे. ज्याचं हातावर पोट आहे, ज्याला सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडते, त्याला पालवीचं काय सांगता? हे दुःख खरं आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. फुरसत ही चैन आहे असं म्हटलं की ती ज्यांच्याकडे नाही त्यांना ती देण्याची जबाबदारीच संपते. गिरण्यांतल्या ज्या कामगारांनी रविवार मागितला ते काही सुखवस्तू नव्हते. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्राशी उभं राहून त्यांनी तो मागितला, कारण आपण यंत्र नाही हे त्यांना माहीत होतं. रोजंदारीवरच्या माणसालाही भरपगारी साप्ताहिक सुट्टी मिळाली पाहिजे, हीच या आक्षेपाला खरी दाद.

दुसरा प्रश्न घरातला आहे आणि त्याविषयी वैचारिक लेखांत फार कमी लिहिलं जातं. रविवारची शांत सकाळ कुणीतरी घडवत असतं. सगळे उशिरा उठतात तेव्हा कुणीतरी लवकर उठलेलं असतं. निवांत जेवण म्हणजे कुणाच्या तरी अर्ध्या दिवसाचं स्वयंपाकघर. बहुतेक घरांत हे "कुणीतरी" ठरलेलं असतं आणि ती बाई असते. आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी साठलेलं घरकाम उपसणाऱ्या बाईला शांत चिंतनाचा उपदेश करणं मला निर्दयपणाचं वाटतं. म्हणून साध्या सुट्टीची माझी कल्पना "काम नाही" अशी नाही. काम असावंच, थोडं असावं, वाटून घेतलेलं असावं आणि घाईचं नसावं. मुलांनाही त्यात घ्यावं. चादरीचं एक टोक धरायला सहा-सात वर्षांचं मूल पुरतं, आणि तेवढ्या वेळात ते आपणहून जे प्रश्न विचारतं ते आठवड्यात एरवी कधी विचारत नाही. एकाच्या श्रमावर चारांची विश्रांती उभी राहत असेल तर त्या घरात रविवार आलेलाच नाही.

आणि ज्यांचं कामच शनिवार-रविवारी असतं त्यांचं काय? रुग्णालयं, रेल्वे, वीज, पाणी बंद ठेवता येत नाही. परिचारिका, चालक, पहारेकरी, घरोघरी सामान पोहोचवणारी मुलं आपल्या सुट्टीतही कामावर असतात, आणि त्यांतलं बरंच काम आपल्या सुट्टीमुळेच वाढलेलं असतं. जे काम सोमवारपर्यंत थांबू शकतं ते आपण रविवारी मागवू नये, एवढं तर प्रत्येकाच्या हातात आहे. बाकीचं मालकांनी करायचं आहे. पाळ्यांचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी फोनवर कळवण्याची पद्धत कायद्याने बंद व्हावी आणि ते निदान दोन आठवडे आधी हातात यावं. महिन्यातून एक तरी रविवार प्रत्येकाच्या वाट्याला पाळीपाळीने यावा, म्हणजे घरच्यांबरोबर बसता येईल. आणि एरवी ज्यांना रविवार देणं शक्यच नाही त्यांना आठवड्यातला एक ठरलेला वार मिळावा, बुधवार तर दर आठवड्याला बुधवारच, आणि तो बदलायचा असेल तर त्यांना विचारूनच बदलावा.